एक तृतीयांश फीमध्ये कामाचं क्रेडेन्शियल: व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजातली वाट, पायरीपायरीने

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की दरवर्षी कुणीतरी हा विषय काढतंच. "मुलं शाळेत जायला लागली, आता मलाही काहीतरी करायचंय. कम्युनिटी कॉलेजात म्हणे स्वस्तात कोर्स होतात?" होतात. पण कुणाच्या पैशाने आणि कोणत्या अटीवर, हे आधी समजून घेतलं नाही तर तीन महिने जातात, पैसे जातात, आणि हातात कॉलेजचा शिक्का मारलेला एक छान कागद राहतो जो बघून कुणी नोकरी देत नाही. असे दोन कागद आमच्याच घरातल्या फायलीत आहेत, एक माझा आणि एक जाऊबाईंचा.

हे सगळं मुख्यतः व्हर्जिनियाबद्दल आहे. मी इथे राहते, आणि इथली योजना मी स्वतः वापरली आहे. बाकी राज्यांबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

आधी पैशाचं गणित

२०१६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 'न्यू इकॉनॉमी वर्कफोर्स क्रेडेन्शियल ग्रँट' नावाची योजना आणली. तेव्हा टेरी मॅकऑलिफ गव्हर्नर होते. राज्यातली २३ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, ती 'फास्टफॉरवर्ड' या नावाने चालवतात, त्यामुळे कॉलेजच्या पानावर शोधायचा शब्द 'फास्टफॉरवर्ड'. कोर्स बहुतेक ६ ते १२ आठवड्यांचे आणि नॉन-क्रेडिट असतात. म्हणजे डिग्रीसाठीचे क्रेडिट मोजायचे नाहीत, एका विशिष्ट कामाची तयारी करायची आणि बाहेरच्या संस्थेची परीक्षा द्यायची. ती पास झाल्यावर मिळतं ते क्रेडेन्शियल, म्हणजे ते काम येतं याचा दाखला.

फीचे तीन भाग होतात. समजा कोर्स २,४०० डॉलरचा आहे. नाव नोंदवताना तुम्ही ८०० भरता. कोर्स नीट पूर्ण केलात की पुढचे ८०० राज्य सरकार कॉलेजला देतं. शेवटचे ८०० राज्य देतं ते तुम्ही परीक्षा पास होऊन क्रेडेन्शियल मिळवल्यावर. परीक्षा दिलीच नाही किंवा नापास झालात, तर ते शेवटचे ८०० कॉलेजचे बुडतात, तुमचे नाहीत. पण कोर्सच अर्धवट सोडलात तर आणखी एक तृतीयांश हिस्सा तुमच्याच अंगावर येतो, म्हणजे एकूण १,६००. हे नोंदणीच्या वेळी सही करून घेतलेल्या कागदात लिहिलेलं असतं आणि तो कागद सहसा कुणी वाचत नाही.

या गणितातून तुमच्या कामाचं काय, ते बघा. साध्या कॉलेजला तुम्ही वर्गात आलात की पैसे मिळतात. इथे कॉलेजचा एक तृतीयांश पैसा तुमच्या परीक्षेच्या निकालावर अडकलेला असतो. त्यामुळे कोर्स संपल्यावर "परीक्षेची तारीख घेतली का" असे फोन येतात, सराव परीक्षा फुकट मिळतात, काही ठिकाणी परीक्षेची फी कोर्समध्येच धरलेली असते. हे उपकार नाहीत, त्यांचाही हिशेब आहे. म्हणून मागायला लाजू नका. जादा सराव हवा, शिक्षकाचा अर्धा तास हवा, परीक्षा दुसऱ्या केंद्रावर हवी, सरळ मागा.

या प्रोत्साहनाला दुसरी बाजूही आहे. पैसा क्रेडेन्शियलवर मिळतो, नोकरीवर नाही. राज्याने जास्त मागणी असलेल्या क्षेत्रांची यादी ठरवून दिली आहे आणि त्या यादीबाहेरच्या कोर्सला अनुदान नाही, हे चांगलं. पण 'राज्यात मागणी' आणि 'तुमच्या घरापासून वीस मैलांत मागणी' या दोन वेगळ्या गोष्टी. साउथसाइड व्हर्जिनिया कॉलेजची ब्लॅकस्टोनजवळ विजेच्या तारांवर काम करणाऱ्या लाइनमनची शाळा आहे. तिथल्या मुलांना ती सोन्यासारखी. पार दुसऱ्या टोकाला, उत्तर व्हर्जिनियातल्या ॲशबर्नच्या टाउनहाउसमधून तिचा उपयोग काय? तो हिशेब तुमचा तुम्हालाच करावा लागतो.

पहिली पायरी: आपण कुठल्या रांगेत आहोत

अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: व्हिसा, व्हर्जिनियात राहून झालेला काळ, आणि आपली सगळ्यात वरची पदवी.

फास्टफॉरवर्डचं अनुदान व्हर्जिनियाचे रहिवासी असणाऱ्यांना आहे. इथला शब्द 'डोमिसाइल'. तहसीलदाराकडून आणायचा दाखला नव्हे तो. कर, लायसन्स, भाडेकरार, मतदार नोंदणी अशा खुणांवरून कॉलेज ठरवतं, आणि साधारणपणे वर्षभर आधीपासून इथे कायमचं राहण्याचा इरादा दिसायला हवा. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. एच-४वाल्यांनी (एच-१ व्हिसावर काम करणाऱ्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) "मी फॉरेनर, मला कुठलं मिळणार" म्हणून परत फिरू नये. विद्यार्थी व्हिसाचा नियम वेगळा आणि एच गटाचा वेगळा. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर दोन माणसं दोन उत्तरं देतात, हा माझा अनुभव.

या अनुदानाला उत्पन्नाची अट नाही, आधीच्या पदवीचीही नाही. नवऱ्याचा पगार बरा आहे म्हणून आपलं नाव कटेल असं समजून मी पहिलं वर्ष वाया घालवलं.

केंद्र सरकारची मदत म्हणजे पेल ग्रँट मात्र वेगळी. ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या पात्र परदेशी लोकांनाच मिळते, एच-१ आणि एच-४ला नाही. नेहमीच्या पेल ग्रँटला आणखी एक कुंपण आहे: जिच्याकडे आधीच बॅचलर डिग्री आहे तिला ती मिळत नाही. इथे आपल्या मंडळींची फार गंमत होते. "माझं बी.कॉम. तर पुण्याचं आहे, इथे कोण मोजतंय?" मोजतात. परदेशातली बॅचलर डिग्रीही सहसा डिग्रीच धरली जाते. केंद्राच्या मदतीसाठीच्या 'फाफ्सा' अर्जात ती लपवली तर पुढे मिळालेले पैसे परत करावे लागतात. तेव्हा तसलं डोकं चालवू नका.

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या केंद्राच्या मोठ्या कायद्यात 'वर्कफोर्स पेल' आलं आणि अंमलबजावणीची तारीख ठरली १ जुलै २०२६. हे ८ ते १५ आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या छोट्या कोर्सेससाठी आहे. इथे बॅचलर डिग्री आड येत नाही, पदव्युत्तर पदवी येते. म्हणजे ग्रीन कार्ड आहे आणि बी.कॉम. केलंय तर दार उघडं, एम.कॉम. असेल तर बंद. कोर्सही गव्हर्नरच्या मान्यतेचा हवा, आणि त्याला अटी कडक आहेत: ७० टक्के विद्यार्थी कोर्स पूर्ण करणारे हवेत आणि ७० टक्क्यांना काम लागलेलं हवं. कॉलेजला विचारायचा प्रश्न एका वाक्याचा: "हा कोर्स वर्कफोर्स पेलसाठी मान्य झाला आहे का?"

दुसरी पायरी: कोर्स नंतर, आधी काम

कॉलेजच्या यादीतून कोर्स निवडणं ही सगळ्यांची पहिली चूक. उलट्या टोकाने सुरू करा. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आपला झिपकोड आणि २० मैल घाला, हव्या त्या कामाच्या पंचवीस जाहिराती उघडा आणि वहीत दोन रकाने करा: कोणतं क्रेडेन्शियल 'आवश्यक' म्हटलंय, कोणतं 'असल्यास उत्तम'. दुसऱ्या रकान्यासाठी कोर्स करू नका. संध्याकाळचं एक-दीड तासाचं काम आहे.

मग त्या क्रेडेन्शियलची जात ओळखा. कॉलेज देतं ते कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. बाहेरची संस्था परीक्षा घेऊन देते ते सर्टिफिकेशन. राज्याचं मंडळ देतं ते लायसन्स किंवा नोंदणी, आणि त्याशिवाय ते काम करणं बेकायदा. राज्याचा शेवटचा हिस्सा कॉलेजचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मिळत नाही, पुढच्या दोन प्रकारांपैकी काही मिळाल्यावर मिळतो. नोकरी देणाराही तेच मोजतो.

आपल्याकडच्या मंडळींना जे चार कोर्स जास्त आकर्षित करतात त्यांच्या खाचाखोचा सांगते, कारण माहितीपत्रकात त्या नसतात.

नर्स एड, म्हणजे सीएनए. केंद्राचा किमान नियम ७५ तासांच्या प्रशिक्षणाचा. राज्याची मागणी त्याहून जास्त. काम अंगमेहनतीचं आहे, पेशंटला उचलायचं, आंघोळ घालायची. त्याबद्दल मनात कसंतरी होत असेल तर फी भरू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर हे सर्टिफिकेशन मावळतं आणि पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. एच-४ आहे, वर्क परमिट अजून नाही, 'तोवर कोर्स करून ठेवू' असा विचार असेल तर थांबा. एच-४वर शिकायला बंदी नाही, पण पगारी काम करता येत नाही, आणि घड्याळ मात्र चालू होतं. दुसरीकडे एक फायदाही केंद्राच्या नियमात आहे: स्वतःच्या पैशाने कोर्स केला आणि पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांचं शुश्रूषागृह) नोकरी लागली, तर तुमचा खर्च राज्याकडून टप्प्याटप्प्याने परत मिळायची सोय आहे. मुलाखतीत विचारा. पावत्या जपून ठेवल्या असतील तरच.

फ्लेबॉटॉमी, म्हणजे रक्त काढणं. नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनच्या परीक्षेसाठी जिवंत माणसांवर ३० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढल्याची नोंद लागते. रबराच्या हातावर केलेलं चालत नाही. म्हणून कॉलेजला विचारायचं, "या ३० शिरा कुठे मिळणार?" काही ठिकाणी वर्गमैत्रिणीच एकमेकींचे हात पुढे करतात. माझ्या वर्गात एका बाईंची शीर इतकी सुरेख होती की त्यांना चहा पाजायला रांग लागायची.

मेडिकल कोडिंग, म्हणजे आजार आणि उपचारांच्या नोंदींना बिलासाठी ठरलेले कोड देणं. घरून काम मिळतं या आशेने सगळ्यात जास्त आपल्या बायका इथे वळतात. एएपीसी या कोडिंगवाल्यांच्या संस्थेची सीपीसी परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची. पास झालात की नावापुढे सीपीसी लागतं, पण अनुभव नसेल तर त्याला 'ए' चिकटतो, ॲप्रेंटिसचा. दोन वर्षांचा अनुभव दाखवल्यावर किंवा ठरवून दिलेलं जादा प्रशिक्षण करून तो 'ए' जातो. घरून करायच्या बहुतेक जागांना तो गेलेला हवा असतो. पंचवीस जाहिरातींची वही इथे डोळे उघडते.

आयटीतलं कॉम्पटिया ए प्लस, कॉम्प्युटर सपोर्टच्या कामाचं. दोन परीक्षा आहेत, एक नाही, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. दुसरी परीक्षा देईपर्यंत क्रेडेन्शियल 'मिळालं' असं होत नाही.

ट्रकचं सीडीएल लायसन्सही या योजनेत लोकप्रिय आहे, पण २०२५च्या सप्टेंबरात केंद्राच्या वाहतूक खात्याने ग्रीन कार्ड नसलेल्यांसाठीचे नियम आवळायला घेतले. आधी डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या कागदांवर हे लायसन्स निघतं का ते विचारा, मगच कॉलेजची पायरी चढा.

तिसरी पायरी: कॉलेजला फोन

वर्कफोर्स विभागाला फोन करायचा, मुख्य प्रवेश कार्यालयाला नाही. तिथे 'करिअर कोच' किंवा तत्सम नावाची व्यक्ती असते. मैत्रिणींना मी जी चिठ्ठी लिहून देते ती अशी: क्रेडेन्शियल नेमकं कोणती संस्था देते? परीक्षेची फी कोर्समध्ये धरलीय का, आणि नापास झाले तर दुसऱ्यांदा कोण भरणार? मागच्या बॅचमधल्या किती जणांनी परीक्षा दिली आणि किती पास झाले? राज्याच्या हिश्श्याला कमाल मर्यादा आहे, तर या कोर्सला माझा वाटा नेमका किती डॉलर? फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती? फीशिवाय आणखी काय काय विकत घ्यावं लागेल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर ते उत्तरच आहे. त्यांना हे आकडे माहीत असतात, कारण राज्याकडून पैसे मागताना ते द्यावे लागतात.

शेवटच्या प्रश्नाचा पसारा मोठा असतो. आरोग्याच्या कोर्सला गणवेश, बूट, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, लसींचे दाखले. आणि टीबीची चाचणी. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, दंडावरचा तो वण. त्यामुळे कातडीवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्सरे, डॉक्टरची चिठ्ठी, आणि हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष सरावाची, 'क्लिनिकल'ची, तारीख हुकली. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची टीबी चाचणी जास्त बरी मानली जाते. पहिल्या दिवशीच "माझं बीसीजी झालेलं आहे, रक्ताची चाचणी चालेल का?" असं विचारा. माझ्या बॅचमध्ये आम्ही तिघी भारतीय होतो आणि तिघींचे हात सुजले होते.

अनुदानाचा एकूण निधी वर्षाचा ठरलेला असतो आणि राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. शक्य असेल तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धातली किंवा पानगळीतली बॅच धरा, आर्थिक वर्ष संपायच्या आधीची नको.

चौथी पायरी: आपला एक तृतीयांश हिस्सा तरी कुठून आणायचा

घरचं उत्पन्न कमी असेल तर आधी कॉलेजलाच 'फँटिक' नावाच्या मदतीबद्दल विचारा. नॉन-क्रेडिट कोर्ससाठीची ही राज्याची गरजेवर आधारित मदत आहे आणि ती तुमच्या हिश्श्यातला मोठा भाग उचलू शकते. तुम्ही विचारलं नाहीत तर कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरं दार 'अमेरिकन जॉब सेंटर'चं, म्हणजे सरकारी रोजगार केंद्राचं. २०१४च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्टखाली, तोंडी भाषेत 'वायोआ', तिथून प्रशिक्षणाचा खर्च मिळू शकतो. इथे अट नागरिकत्वाची नाही, कामाच्या परवानगीची आहे. म्हणजे वर्क परमिट असलेल्या एच-४ वाल्यांनीही विचारावं. कायद्यात नोकरी गेलेल्यांचा गट वेगळा आहे, आणि त्यात 'डिस्प्लेस्ड होममेकर' हाही प्रकार येतो: आजवर घर सांभाळत होती, दुसऱ्याच्या कमाईवर होती, आणि ती कमाई थांबली. टेक कंपन्यांतल्या कपातीनंतर आपल्या ओळखीतल्या किती घरांना हे लागू पडतं ते मोजून बघा. पण क्रम चुकवू नका: जॉब सेंटरची मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी हवी आणि कोर्स त्यांच्या मान्य यादीत असायला हवा. भेटी, कागद, समुपदेशकाची सही यात आठवडे जातात. बॅचच्या तारखेच्या दोन महिने आधी निघा.

आधीच कुठे काम करत असाल तर मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च करमुक्त देऊ शकतो. मोठी दुकानं, हॉस्पिटलं बऱ्याचदा देतात. कॉफीच्या दुकानातल्या अर्धवेळ नोकरीवर फार्मसी टेक्निशियनचा कोर्स फुकटात पदरात पाडून घेतलेल्या एक वहिनी मला माहीत आहेत.

नॉन-क्रेडिटऐवजी क्रेडिटवाला लांब कोर्स हवा असेल, तर व्हर्जिनियाची 'जी-थ्री' योजना बघा. २०२१ साली राल्फ नॉर्दम गव्हर्नर असताना आलेली. आरोग्य, आयटी, बालशिक्षण, सार्वजनिक सुरक्षा आणि कुशल कारागिरी या पाच क्षेत्रांत, घराचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या आत असेल तर बाकी सगळी मदत वजा करून उरलेली फी, शुल्कं आणि पुस्तकं राज्य भरतं. चौपट ऐकून दचकू नका, चौघांच्या घराला ती रक्कम सव्वा लाख डॉलरच्या वर जाते.

पाचवी पायरी: नोंदणी आणि नावाचा घोळ

हा भाग लांब होणार, कारण माझे १४० मैल आणि एक दिवस यात गेले आहेत.

आपल्या पासपोर्टवर नाव कसं छापलंय ते बघा. मराठी पद्धतीत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. काही पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये चिकटून येतं: 'सुनीता रमेश' हेच पहिलं नाव. डीएमव्हीने लायसन्सवर 'रमेश' मधल्या नावात टाकलं. कॉलेजच्या नोंदीत लग्नाआधीचं आडनाव, कारण फॉर्म भरताना गुणपत्रिका समोर होती. परीक्षा केंद्रावरचा माणूस मात्र एवढंच बघतो: नोंदणीतलं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का. माझं जुळलं नाही. त्याने सभ्यपणे सॉरी म्हणून मला बाहेर काढलं, फी गेली, आणि पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली.

म्हणून नोंदणीच्याच दिवशी एक ओळखपत्र ठरवा, शक्यतो व्हर्जिनियाचं लायसन्स, आणि कॉलेज, परीक्षा संस्था, राज्याचं मंडळ या तिन्ही ठिकाणी त्याबरहुकूम नाव लिहा. कॉलेजकडून परीक्षेची नोंदणी एकगठ्ठा होत असेल तर त्या यादीतलं आपलं नाव डोळ्यांनी बघून घ्या.

आरोग्य विभागाच्या लायसन्स आणि नोंदण्यांसाठी व्हर्जिनिया सोशल सिक्युरिटी नंबर मागतं. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना डीएमव्हीने दिलेला कंट्रोल नंबर चालतो. वर्क परमिट नसलेल्या एच-४ बायकांनी हे आधीच करून ठेवावं.

सहीच्या कागदातली दोन वाक्यं शोधा: कोर्स सोडल्यास जास्तीचा एक तृतीयांश हिस्सा, आणि हजेरीची अट. भारतवारी, सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाच्या शाळेची सुट्टी, सगळं कॅलेंडरवर मांडून मगच सही करा. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये एक आठवडा बुडाला तर बऱ्याच ठिकाणी कोर्सच बुडतो. कारण खरोखर गंभीर असेल तर काढून टाकेपर्यंत वाट न बघता कोचला लिहा आणि पुढच्या बॅचमध्ये हलवता येईल का ते विचारा. तुम्ही अर्धवट सोडलंत तर राज्याचे दोन्ही हिस्से कॉलेजच्या हातून जातात, त्यामुळे तुम्हाला टिकवण्यात त्यांनाही रस असतो.

सहावी पायरी: परीक्षा, आणि त्यानंतरचा एक ईमेल

कोर्स संपायच्या आधीच परीक्षेची तारीख घ्या. 'जरा अभ्यास करून मग' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या परीक्षेला बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या आत बसा, हात सरावलेला आणि डोक्यात सगळं ताजं असतं.

निकाल आला की क्रेडेन्शियलची प्रत त्याच दिवशी कोचला पाठवा. शेवटचा एक तृतीयांश राज्याकडून सोडवायला कॉलेजला पुरावा लागतो. ज्या कोच बाईने मला शेजारच्या काकूसारखं दर आठवड्याला फोन करून पिडलं होतं, तिने माझी प्रत मिळाल्यावर आपणहून दोन हॉस्पिटलांतल्या भरती करणाऱ्यांचे ईमेल पाठवले. सगळेच कोच असे पाठवतील असं नाही, पण प्रत पाठवायच्या ईमेलच्या खाली एक ओळ लिहा: "कुणी भरती करत असेल तर मला कळवाल का?" पुढे डिग्री करायचा विचार असेल तर याच ईमेलमध्ये विचारून घ्या की या नॉन-क्रेडिट कोर्सचे काही क्रेडिट मिळतात का.

इतर राज्यांत असाल तर

टेक्सासने २०२३ साली हाउस बिल ८ने कॉलेजांचा पैसा वर्गातल्या तासांवरून काढून निकालांवर टाकला, आणि त्यात 'मोल असलेलं क्रेडेन्शियल' मोजायची पद्धत आहे: शिकायला आलेला खर्च पुढच्या कमाईतून भरून निघतो का. पण ते पैसे कॉलेजला मिळतात, विद्यार्थ्याला थेट सूट नाही. ह्यूस्टन-डॅलसच्या मंडळींनी कॉलेजला विचारावं की हा कोर्स त्या यादीत बसतो का. बसत नसेल तर का नाही. फ्लोरिडात २००७च्या केप कायद्यापासून यादीतल्या इंडस्ट्री सर्टिफिकेशनवर शिक्षणसंस्थांना पैसे मिळत आले आहेत, तिथेही यादी हाच पहिला कागद. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचे नॉन-क्रेडिट कोर्स मुळातच बिनफीचे, त्यामुळे तिथे प्रश्न पैशाचा कमी आणि जागा मिळण्याचा जास्त. न्यू जर्सीत उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल तर 'कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट' विचारा, मात्र ती डिग्री आणि क्रेडिट सर्टिफिकेटच्या वाटेवरची आहे.

फेब्रुवारीतली पायरी

कर भरताना तुम्ही खिशातून भरलेला हिस्सा विसरू नका. 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट'मध्ये पात्र कॉलेजात नोकरीच्या कौशल्यासाठी केलेला एकच कोर्सही बसतो, डिग्री करत असण्याची गरज नाही. खर्चाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर. आमच्या उदाहरणातल्या ८००वर १६० सुटतात. सरकारने किंवा मालकाने भरलेला भाग यात धरायचा नाही. दोघांनी मिळून विवरणपत्र भरताना उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेलं की हे कमी होत जातं आणि १,८०,०००ला संपतं; म्हणजे दोघं आयटीत असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. नॉन-क्रेडिट कोर्सचा १०९८-टी फॉर्म (फी भरल्याची करासाठीची नोंद) कॉलेज पाठवेलच असं नाही, त्यामुळे फी भरल्याची पावती आणि बँकेचं विवरण त्याच फायलीत लावा जिच्यात क्रेडेन्शियल आहे. भरायचा फॉर्म ८८६३.